दुर्गाने आगगाडी बघितलीच नाही

'पथेर पांचाली' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर काशफुलांतून धावणारी अपू-दुर्गा ही भावंडं आणि धूर सोडत जाणारी आगगाडी येते. सत्यजित रायांच्या १९५५च्या सिनेमातला तो सीन आहेच तसा. पण बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांची मूळ कादंबरी, १९२९ची, ज्यांनी वाचली नाही त्यांना माहीतच नसतं की पुस्तकात दुर्गाला गाडी बघायला मिळतच नाही. कधीच नाही.

निघतात ते दोघं एकदा. वासरू हरवलंय त्याला शोधायच्या निमित्ताने निघतात आणि मग रेल्वेचा रस्ता बघू म्हणून धावत सुटतात, वाट चुकते, दमून घरी परत. नंतर अपू वडिलांबरोबर बाहेरगावी जातो तेव्हा त्याला रूळ दिसतात पण गाडी यायला वेळ असतो आणि वडील, हरिहर, काही थांबत नाहीत. आणि मग दुर्गा तापाने अंथरुणाला खिळते तेव्हा ती या धाकट्या भावाला म्हणते की मी बरी झाले की मला एकदा रेलगाडी दाखवशील? अहो, ज्या मुलीने त्याला त्यांच्या गावचं, निश्चिंदिपूरचं, एकूणएक झाड, कुठे काय पिकलंय, कुठून आत शिरायचं हे सगळं दाखवलं ती त्याच्याकडे काही मागतेय. आणि ती बरी होत नाही. हे पान मला आजही एका दमात वाचता येत नाही, खरं सांगते.

बहीण-भावाचं नातं कसं लिहावं हे मला विचाराल तर कैरीचा प्रसंग वाचा. आई घाटावर गेलीय, दुर्गाने कुठून तरी कैऱ्या आणल्यात, आणि ती अपूला म्हणते जा तेल-मीठ घेऊन ये. तर हा म्हणतो तेलाच्या भांड्याला हात लावला तर आई मारेल, माझे कपडे पारोसे आहेत! आपल्या आज्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. शेवटी आणतोच तो, दोघं लपून खातात, आणि मग आईने खायला दिल्यावर हा भोळा पटकन बोलून जातो की दात आंबलेत, चावत नाहीये. झालं, चोरी उघडी. दुर्गा त्याच्यावर अशी भडकते की बस. यात कुठेही माझा लाडका भाऊ, माझी प्रेमळ ताई असलं काही नाही. मारामारी आहे, वाटणी आहे, चुगली आहे, आणि पाच मिनिटांनी परत दोघं सोबत.

आता मुद्द्याचं. आमच्या इथे रामबागेत राखीच्या आधी मुलांना काहीतरी वाचून दाखवायचं ठरत होतं, मी हेच पुस्तक सुचवलं, तर एक काकू म्हणाल्या, नको गं, ती मुलगी चोऱ्या करते, मुलांना काय शिकवणार त्यातून? काकूंचा मान ठेवून सांगते, मला ते अजिबात पटलं नाही. तिथे काही बोलले नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

हो, दुर्गा चोरी करते. लेखक ते लपवत नाही. लग्नघरातली सोन्याची कुंकवाची डबी हरवते, गरीब घरची पोर म्हणून आधी संशय तिच्यावरच जातो, तिला बेदम मारतात, ती कबूल होत नाही. पुढे ती तापाने जाते. मग घरदार सोडून काशीला जायच्या दिवशी अपूला घरात ती डबी सापडते. म्हणजे घेतलीच होती तिने. एवढंसं पोरगं ते, पण तो आईला सांगत नाही, परत नेऊन देत नाही, विकायचा तर विचारही नाही. मागच्या बांबूच्या बेटात लांब फेकून देतो. (सिनेमात डबीऐवजी माळ आहे आणि ती तळ्यात पडते, तेही सुंदरच, पण मला बांबूचं बेट जास्त भावतं कारण तिथेच या दोघांचं अख्खं बालपण गेलं.)

आपण राखी बांधताना भाऊ बहिणीचं रक्षण करेल म्हणतो ना, तर ते रक्षण हे आहे. ती आता नाही, तिला आता कोणी मारू शकत नाही, तरी तिच्या नावाला कोणी काही बोलू नये म्हणून तो हे एकटा गिळतो. आणि मग तो गाडीत बसतो, ज्या गाडीसाठी दोघं धावले होते त्याच गाडीत, आणि त्याला वाटतं दिदी मागेच राहिली, तिला कोणी सोबत घेतलंच नाही.

मुलांना हे कळत नाही असं कोण म्हणतं? दहा वर्षांच्या मुलाला भावंडाचं गुपित पोटात ठेवणं म्हणजे काय हे आपल्यापेक्षा नीट कळतं. तेव्हा मी तर डबीचं पान पूर्ण वाचणार आहे, काही न गाळता, आणि ज्यांना मुलं पाठवायची असतील त्यांनी बिनधास्त पाठवा, मोठे आले तरी चालेल.