आवड वेगळी, हातोटी वेगळी

'आवडेल तेच काम करा, सुख मागोमाग येतं' हे कामातल्या सुखावरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत २२ वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर होतो. आवड अशी कधी नव्हतीच, पण हात बसला होता. टूलची धार गेली की नुसत्या आवाजावरून कळायचं. मग सुपरवायझर केलं. पगार वाढला (तो हवाच होता, खोटं कशाला बोलू), पण दिवसभर एक्सेल आणि लोकांच्या रजा. घरी येऊन चांगला चालणारा मिक्सर उघडून बसायचो. हाताला काम हवंय हे बायकोनेच ओळखलं. शेवटी साहेबांकडून ट्रेनी पोरांना शिकवायचं काम मागून घेतलं. आता मापातल्या ०.०२ मिमीच्या फरकावरून त्यांच्याशी रोज वाद घालतो. पहिली शिफ्ट सुटली की कधीकधी मी आणि बायको गोदाकाठच्या सोमेश्वरला जाऊन येतो. मिक्सर शाबूत आहे.