अमेरिकेतली पेड्स रेसिडेन्सी (लेकरांच्या आजारांचं पीजी ट्रेनिंग) "सोपी" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

एमबीबीएसच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरायलाय, घाटीपासून अंबाजोगाईपर्यंत सगळ्यांकडं पोचला असेल. "अमेरिकेत पेडियाट्रिक्स सगळ्यात सोपं, जागा रिकाम्या पडतात, स्टेप वन (अमेरिकेच्या लायसन्स परीक्षेचा पहिला टप्पा) पास झाली की मार्कांचं टेन्शन संपलं, पाच-सहा रिसर्च पेपरांवर नाव लावा, एचओडीचं (विभागप्रमुखांचं) शिफारशीचं लेटर घ्या अन् दोनशे ठिकाणी अर्ज टाका." खाली एका कन्सल्टन्सीचा नंबर. म्हणजे मेसेज कामून फिरायलाय ते कळलंच.

आधी रिकाम्या जागांचं. 2024 च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, पेड्सच्या अडीचशेच्या आसपास जागा भरल्या नाहीत, हे खरंय. लेकरांच्या डॉक्टरला तिकडंही बाकीच्यांपेक्षा पैसा कमीच, त्यामुळं तिथली पोरं दुसरीकडं वळायलेत. पण जागा उरली म्हणजे ती आपल्याला मिळेल असं थोडंच आहे? सगळे प्रोग्रॅम (रेसिडेन्सी चालवणारी हॉस्पिटलं) व्हिसा देत नाहीत, अन् एमबीबीएस होऊन पाच-सात वर्षं झालेल्याचा अर्ज बऱ्याच ठिकाणी उघडतसुद्धा नाहीत.

स्टेप वन 26 जानेवारी 2022 पासून पास-नापास झाली, बरोबर. पण त्यानं टेन्शन संपलं नाही, ते उचलून पुढच्या टप्प्यावर, स्टेप टू सीकेवर ठेवलंय, तिथं अजून तीन आकडी स्कोअर येतो. आणि वन घाईत देऊन नापास झालात तर ते ट्रान्सक्रिप्टवर कायमचं दिसतं.

आता पेपर, माझा खरा राग इथं आहे. पैसे भरून कुठल्यातरी जर्नलमध्ये सातव्या नंबरवर नाव लावायचं, अन् इंटरव्ह्यूत समोरच्यानं विचारलं की बाबा यात तू नेमकं काय केलंस, तर स्क्रीनसमोर गप्प बसायचं. अर्जात लिहिलेल्या कुठल्याही ओळीवर ते विचारू शकतात. डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, कोकणात महाडकडं सरकारी दवाखान्यात विंचू चावलेले पेशंट बघता बघता त्यांनी जे टिपून ठेवलं ते 1982 ला लॅन्सेटमध्ये आलं, प्राझोसिनचं काम त्याच्या पुढचं. लॅन्सेटचं जाऊ द्या, पण विषय पेशंटपासून सुरू होतो एवढं तर घ्या. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगंमागं निघतात ती उन्हाळ्यात परततात, मधल्या काळात नऊ महिन्यांच्या लेकराचा एमआरचा (गोवर-रुबेलाचा) डोस राहून जातो अन् कार्ड ट्रंकेत पडलेलं असतं. इंटर्नशिपला आरोग्य केंद्रात आहात ना, मग एथिक्स कमिटीची परवानगी काढा, निघायच्या आधी किती लेकरांचे डोस बाकी होते ते मोजा, आशाताईंना सोबत घेऊन यादी करा, डोस द्या, परत मोजा. एमबीबीएसचं शिक्षण चालू असेल तर आयसीएमआरचं दोन महिन्यांचं एसटीएसही (विद्यार्थ्यांसाठीची रिसर्च योजना) आहे, त्यात गाईड धरून स्वतःचं छोटं काम होतं. इरासच्या (रेसिडेन्सीच्या ऑनलाइन सिस्टिमच्या) अर्जात अनुभव दहाच लिहिता येतात, त्यातले तीन महत्त्वाचे म्हणून खुलवून सांगायचे. कॅम्पच्या वीस सर्टिफिकेटांचं काय लोणचं घालणार?

लेटर. एचओडी सरांनी तुम्हाला राउंडला शेवटच्या रांगेत पाहिलेलं असतं, मग "सिन्सिअर, पंक्च्युअल, हार्डवर्किंग" याच्यापुढं ते लिहिणार काय? अन् ते तीन शब्दसुद्धा आपणच टाईप करून सहीला नेतो ही आपली जुनी रीत. ज्या लेक्चरर मॅडमनी तुम्हाला रात्री दोनला कुपोषित लेकराला दर दोन तासाला एफ-75 (कुपोषणावरचं खास दूध) पाजताना, त्याच्या आईला वाटी-चमच्यानं कसं द्यायचं ते समजावताना पाहिलंय, त्यांना मागा. नाव छोटं असलं तरी चालतंय. एका प्रोग्रॅमला चारच लेटर लावता येतात, ती लिहिणारा स्वतः अपलोड करतो, आणि ती वाचायचा हक्क तुम्ही सोडलाय असं टिक केलं तरच समोरचा विश्वास ठेवतो. तिकडचं एखादं लेटर हवंच, पण त्यासाठी फायनल इयरमध्ये असतानाच इलेक्टिव्हचं (विद्यार्थी म्हणून तिकडच्या हॉस्पिटलात काम करायचं) बघा, डिग्री झाल्यावर बहुतेक ठिकाणी नुसतं मागं उभं राहून बघणं उरतं.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये "मला लहानपणापासून मुलं आवडतात" लिहू नका, सगळेच लिहितात.

दोनशे अर्जांचं काय, तर तीसच्या पुढं प्रत्येक अर्जाला जास्त दर लागतो, बापाची एक पट्टी विकली जाईल अन् त्यातले कितीतरी प्रोग्रॅम व्हिसाच देत नसतील. आधी वेबसाईटवर जे-1 (ट्रेनिंगसाठीचा व्हिसा) देतात का, कितव्या वर्षापर्यंतचे ग्रॅज्युएट घेतात, मागच्या वर्षांत भारतातलं कुणी घेतलंय का एवढं तपासा, मग यादी करा. आणि जे-1 वर गेलात तर ट्रेनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी यायची अट असते, ती टाळायची तर वेव्हर (सूट) मिळवावा लागतो, हे घरी आत्ताच सांगून ठेवा.