‘एकच ओळ द्या की’ म्हणणाऱ्या दादांसाठी

दादा, तुमची तक्रार थोडक्यात अशी: लिनक्स लॅपटॉपवर ब्राइटनेसची बटणं का चालत नाहीत, यावरचा माझा लेख पाल्हाळिक झालाय, आपल्याकडं लाइटीचा भरवसा नाही, लेकरांना लॅपटॉप वापरायचाय, कर्नल (लिनक्सचा गाभा) शिकायचं नाही. तवा ब्राइटनेसची बटणं चालू करणारी एक ओळ द्या, नाहीतर सरळ ‘विंडोज टाका’ म्हणा.

ती ओळ मी मुद्दाम दिली नव्हती. तुम्ही कुठून तरी आणून ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, टाकलीच: ‘एसीपीआय ओएसआय’पुढं ‘लिनक्स’, म्हणजे विचारलं तर ‘मी लिनक्स’ असं सांग. तिनं काही बिघडलं नाही, पण घडलंही नाही. फर्मवेअर, म्हणजे कंपनीनं लॅपटॉपच्या चिपमध्येच भरलेला प्रोग्रॅम, बहुधा विचारतं, ‘तू विंडोज २०१५ आहेस का?’ म्हणजे विंडोज १०. लिनक्स बिनधास्त ‘हो’ म्हणतं, कारण कंपनीनं लॅपटॉप तपासलेला असतो तो विंडोजवरच. ‘लिनक्स आहेस का’ असं विचारणारं फर्मवेअर क्वचितच. विचारलंच नाही तर उत्तर देऊन काय करता?

दुसरी ओळ, ‘एसीपीआय बॅकलाइट’ (बॅकलाइट म्हणजे पडद्यामागचा उजेड) पुढं ‘व्हेंडर’, ती मात्र लगेच काढा. जुन्या कर्नलमध्ये एकाच पडद्यासाठी दोन-दोन नियंत्रणं तयार व्हायची. बटण एकाला हलवायचं, उजेड दुसऱ्याच्या हातात असायचा. त्या काळातला हा उपाय आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ पासून कर्नल एका पडद्याला एकच नियंत्रण ठेवतं.

आता बटण. टर्मिनलमध्ये सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं) ‘ईव्हीटेस्ट’ चालवा; कुठलं बटण दाबलं ते हा प्रोग्रॅम दाखवतो. यादी येईल: साधा कीबोर्ड, ‘व्हिडिओ बस’, ‘लिड स्विच’, शिवाय कंपनीप्रमाणे ‘आसुस डब्ल्यूएमआय हॉटकीज’ किंवा ‘थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स’. एकेक निवडून एफएनसकट तेच बटण दाबा. कुठंतरी ‘ब्राइटनेस अप’ उमटलं, तर बटण ठणठणीत आहे, दोष पुढं डेस्कटॉपमध्ये किंवा बॅकलाइटमध्ये. नुसता अनोळखी आकडा उमटला, तर त्याला नाव जोडून द्यावं लागतं. कुठंच काही नाही, तर बटण एम्बेडेड कंट्रोलरपाशीच (कीबोर्ड वगैरे सांभाळणाऱ्या चिपपाशी) अडकलंय आणि त्या मॉडेलचा ड्रायव्हर लोड झालाय का ते बघायचं. तीन ठिकाणं, तीन इलाज. म्हणून लेख लांबला.

विंडोजमध्ये काही करावं लागत नाही म्हणता, ते कंपनीनं आधीच भरून दिलेल्या ड्रायव्हरच्या जिवावर. सेकंडहँड लॅपटॉपवर कोरं विंडोज टाकून बघा. कितीतरी मॉडेलांची खास बटणं कंपनीचं सॉफ्टवेअर घालेपर्यंत मुकीच राहतात.

तुमच्या शेवटच्या वाक्याकडं मात्र कुणी बघितलं नसतं: ‘झाकण लावून ठेवला तरी सकाळी बॅटरी शून्य.’ ज्या घरी रात्री लाईट जाते तिथं बटणांपेक्षा हे दुखणं मोठं. ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरातली ‘मेम स्लीप’ फाइल कॅट करून (टर्मिनलमध्ये उघडून) बघा. ‘एसटूआयडल’ (हलकी झोप) आणि ‘डीप’ (गाढ झोप) दोन्ही दिसले, तर चौकटी कंसात आहे तो चालू. ‘डीप’मध्ये जवळपास रॅमपुरतीच वीज लागते. एकटं ‘एसटूआयडल’ दिसलं, तर फर्मवेअर ‘डीप’ देतच नाही. तेव्हा बायोस (फर्मवेअरची सेटिंग) चाळा. थिंकपॅड एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीला लेनोव्होनं २०१८ मध्ये अपडेटमधून ‘स्लीप स्टेट’ हा पर्याय दिला होता. तोही नसेल तर हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून लॅपटॉप पूर्ण बंद. स्वॅप (त्यासाठीची डिस्कवरची जागा) रॅमएवढी ठेवा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं कुलूप) चालू असेल तर उबुंटू-फेडोरा हायबरनेट होऊ देत नाहीत, हे आधीच सांगतो.

‘मेम स्लीप’मध्ये काय दिसलं आणि ईव्हीटेस्टनं काय छापलं, दोन्ही इथंच टाका. मॉडेलचं पूर्ण नावही लिहा. ‘एचपीचा काळा’ एवढ्यावर मला काही सांगता यायचं नाही.