गाडी ओहायोतून निघायचीय

ज्या गाडीसाठी आपल्याकडे पैसे नाहीत, रस्ता नाही आणि लावायला जागाही नाही, तिला उशीर झाला म्हणून माणसानं किती चिडावं याला काही मर्यादा हवी. आम्ही सांगलीतले चौघं ती मर्यादा २०१३ सालीच ओलांडून बसलो होतो.

गाडी होंडाची. एनएसएक्स. पहिली १९९० साली विक्रीला आली आणि २००५ मध्ये बंद झाली. तिची अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची. ती घडत असताना खुद्द फॉर्म्युला वन शर्यतींचा जगज्जेता आयर्टन सेनानं जपानातल्या सुझुकाच्या रेस ट्रॅकवर चालवून पाहिली आणि गाडी जरा लेचीपेची वाटते असं सांगितलं, तेव्हा होंडाच्या इंजिनिअरांनी मुकाट्यानं तिचा सांगाडा पुन्हा मजबूत करायला घेतला. आमच्यातले सर हे सगळं रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या इंग्रजी मासिकांत वाचून बसलेले. सर भूगोल शिकवतात. जपानचा धडा आला की भूकंप, ज्वालामुखी आणि मासेमारी झटपट उरकतात, उरलेला तास सुझुकावर. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना जपानची राजधानी सांगता येईलच असं नाही, पण सेना कोण ते विचारा.

पुढं त्या गाडीची दहा सिलिंडरची नवी पिढी येणार येणार म्हणून गाजली आणि डिसेंबर २००८ मध्ये मंदीच्या तडाख्यात होंडानं तो बेतच रद्द केला. सरांनी आठवडाभर दाढी केली नाही. म्हणून जानेवारी २०१२ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात नवी एनएसएक्स दिसली, ती हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरींची जोड असलेली आहे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बनणार आहे आणि तीनेक वर्षांत बाजारात येईल असं कळलं, तेव्हा एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, बघू. आम्ही त्याच संध्याकाळी नंबर कुठला घ्यायचा यावरून भांडलो. एमएच १० पर्यंत एकमत होतं. पुढच्या चार आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे यावर पाटील अडून बसले, आणि बेरजेच्या नादात कुणाच्या नावावर गाडी घ्यायची हा प्रश्न बाजूलाच राहिला.

बैठक शंभर फुटी रस्त्यावरच्या एका गॅरेजात. मी मार्केट यार्डातून हळदीचे सौदे संपवून यायचो, अंगाला हळदीचा वास घेऊनच. मिस्त्री कुठल्यातरी गाडीखाली असायचा. फक्त पाय दिसायचे, आणि चर्चा रंगली की तेही हलायचे थांबायचे. हायब्रिड म्हणजे काय हे त्याला समजावण्याचं काम सरांकडं होतं.

"पुढं दोन मोटरी, मागं एक," सर म्हणाले.

"तीन मोटरी? अन् इंजिन?"

"ते पण आहे."

"मग मोटरी कशाला? पेट्रोल संपल्यावर ढकलायला?"

सरांनी मग माझ्या मारुती ८०० च्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं आकृती काढली. मागं सीटच्या पाठीशी इंजिन, त्याला चिकटून एक मोटर, आणि पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र एकेक. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त जोर द्यायचा की गाडी आपोआप आत वळते. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, चिंधीला हात पुसले, आकृतीकडं बराच वेळ बघितलं.

"म्हंजे औताच्या भायरच्या बैलाला जरा जास्त हाणायचं. आमचा आज्जा बांधाच्या कोपऱ्यावर तेच करायचा. ह्यात नवीन काय हाय?"

होंडाच्या पेटंट खात्यानं हे ऐकलं नाही हे बरं झालं. पाटलांची शंका वेगळी. त्यांच्या मळ्यातली पाण्याची मोटर दर उन्हाळ्यात जळते. त्यांचं म्हणणं, एक मोटर सांभाळताना आमच्या नाकी नऊ येतात, ह्या तिन्ही एकदम जळल्या तर रिवाइंडिंगला टाकायच्या कुठं? मिरजेत एकजण चांगलं करतो, असं मिस्त्रीनं सांगितल्यावर त्यांना धीर आला आणि बैठक पुढं सरकली.

ती आकृती धुळीत बराच काळ टिकली. कारण माझी मारुती त्या गॅरेजात 'उद्या संध्याकाळी घेऊन जावा' या बोलीवर उभी होती, आणि ती उद्याची संध्याकाळ एनएसएक्सवरच्या चर्चेत सारखी बुडत होती. मी बोलू शकत नव्हतो. चर्चा मीच काढायचो.

त्याच वर्षी अमेरिकेत गाडीची एक जाहिरात आली. पहिली एनएसएक्स दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या नावावर आहे म्हणून जेरी साइनफेल्ड हा विनोदी नट त्या माणसाला नाना आमिषं दाखवतो. आमच्या नेटवर ती थांबत थांबत पाहायला अर्धा तास लागला. तिकडं पण नंबर पुढं घ्यायला मधल्यामधे काहीतरी द्यावं लागतं हे बघून पाटलांना अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

घरी मात्र घोळ झाला. मी फोनवर सरांना "गाडी पुढच्या वर्षी येतीय" असं म्हणालो, ते आईनं ऐकलं. आईनं तासगावच्या मावशीला सांगितलं, मावशीनं तिच्या जावेला, आणि दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आलेला प्रत्येक पाहुणा आधी गॅलरीत जाऊन खाली डोकावून येऊ लागला. "आली का?" "न्हाई, उशीर हुतोय." "कुठनं यायचीय?" "ओहायोतनं." मावशीला वाटलं, हे हुबळीच्या पुढं कुठंतरी असेल. बायकोनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाहुणे गेल्यावर एवढंच विचारलं, "अहो, आपली जी आहे ती गॅरेजातनं कधी येणार?"

सर आणि मी एकदा धीर करून एका शोरूममध्येही जाऊन आलो. टाय लावलेल्या पोरानं पाणी दिलं, चहा दिला आणि कुठलं मॉडेल म्हणून विचारलं. सरांनी सांगितलं. तो जराही डगमगला नाही. "सर, व्हाइटमध्ये वेटिंग आहे, सिल्व्हर लगेच मिळंल," म्हणाला आणि फॉर्मवर 'लोन हवे' पुढं टिक केली. तेव्हापासून पाडवा, दसरा, धनत्रयोदशी, एकही सण त्याच्या फोनाशिवाय गेला नाही. "सर, गाडीचं काय ठरलं?" आम्ही गाडीची वाट बघतोय, आणि तो आमची. पुढं त्याचं लग्न झालं, बदली झाली, तरी फोन सुटला नाही. त्याच्याएवढी चिकाटी होंडाच्या भल्याभल्या चाहत्यांत नव्हती.

गाडी आलीच तर चालवायची कुठं, यावरही आम्ही बारकाईनं विचार केला होता. तिचं पोट जमिनीपासून चार इंचांच्याही आत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. एनएसएक्सला धोक्याची पातळी प्रत्येक गतिरोधकावर. विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत जायचं तर कुठला गतिरोधक तिरका घ्यायचा, कुठला टाळायला गल्लीतून जायचं, याचा नकाशाच सरांनी काढला. भूगोलाचा एवढा उपयोग त्यांना आयुष्यात झाला नव्हता. शिवाय ऊसतोडीचा हंगाम. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, वर ऊस असा रचलेला की पुढचा रस्ता, आभाळ काहीच दिसू नये, आणि ड्रायव्हरशेजारी भोंग्यावर गाणं. त्याच्या मागं ५७३ हॉर्सपॉवर दुसऱ्या गिअरमध्ये. या गाडीला फक्त विजेवर, आवाज न करता चालायचीही सोय आहे, हे सर मोठ्या कौतुकानं सांगायचे. कर्कश हॉर्नला जो ट्रॅक्टरवाला हलत नाही, तो शांततेला बाजू देईल?

२०१३ गेलं. ऑगस्टमध्ये मिड-ओहायोच्या ट्रॅकवर नमुन्याच्या गाडीनं लोकांसमोर फेरी मारली, एवढ्यावर आम्ही पेढे वाटले. मग जुलै २०१४ मध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर चाचणी चालू असताना एक गाडी पेटली आणि जळून कोळसा झाली. सरांचा चेहरा बघवेना. मिस्त्रीनं फोटो मोठा करून पाहिला.

"वायरिंग. उंदरानं खाल्ली आसंल."

"अरे, जर्मनीत?"

"उंदरं काय फक्त कुपवाडात असत्यात?"

उशिराचं खरं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते ऐकून मिस्त्रीनं होंडाला कायमची माफी दिली. आधीच्या बेतात इंजिन आडवं होतं, टर्बोशिवायचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा नसलेलं. मधेच ठरलं की ताकद कमी पडतेय, दोन टर्बो लावू. टर्बो म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे हवा खेळायला जागा, आणि ती जागा काढायला इंजिन उभं फिरवावं लागलं. ते फिरवलं की गिअरबॉक्स, सांगाडा, पाइप, सगळं पुन्हा पहिल्यापासून. सरांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. मिस्त्री एकदम गंभीर झाला. एका खोललेल्या गिअरबॉक्सकडं बोट करून म्हणाला, "सर, एक नट काढला की चार निघत्यात. गिऱ्हाइकाला ते कळत न्हाई." हे बोलताना तो सरांकडं नव्हे, माझ्याकडं बघत होता.

शेवटी जानेवारी २०१५ मध्ये डेट्रॉइटला पक्की गाडी दिसली, जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या गाडीचा लिलाव झाला आणि बोली गेली १२ लाख डॉलरवर. पैसे धर्मादायाला गेले. सौद्यात मुरलेला माणूस म्हणून माझं मत विचारलं गेलं. मी म्हणालो, राजापुरी हळदीलासुद्धा असा दर फक्त मुहूर्ताला निघतो, दुसऱ्या दिवशी बघा. त्या वसंतात ओहायोतल्या मेरिसव्हिलच्या कारखान्यात गाड्या बनायला लागल्या. तिकडं किंमत साधारण १ लाख ५६ हजार डॉलरपासून. म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं कोटीच्या वर, इथं आणायची तर जवळजवळ तेवढीच कस्टम ड्यूटी, वर आरटीओ. भारतात ती रीतसर विकायला आलीच नाही.

खरं सांगायचं तर तो महिना वाईट गेला. बोलायला विषयच नाही. इतके दिवस 'अजून आली नाही' एवढ्या वाक्यावर संध्याकाळ निघायची. आता आलीय, तर करायचं काय? आम्ही दोष काढायला लागलो. नऊ गिअर कशाला, पाटील म्हणाले, मोजतानाच घाट संपायचा. वजन सव्वासतराशे किलो, पहिली किती हलकी होती, सर म्हणाले. मिस्त्री तर इतका रिकामा झाला की त्यानं माझी मारुती दुरुस्त करून टाकली. चावी हातात घेताना मला अगदी परक्यासारखं वाटलं. संध्याकाळी गॅरेजात जायला कारणच उरलं नाही.

एनएसएक्स २०२२ मध्ये पुन्हा बंदही झाली. जेवढ्या काळात ती विकली गेली त्याच्या दुप्पट आम्ही तिच्याबद्दल बोललो असू.

नशिबानं सप्टेंबर २०१७ मध्ये सरांचा फोन आला. आवाज चढलेला. फ्रँकफर्टला मर्सिडीज-एएमजीनं नवी हायब्रिड दाखवलीय, फॉर्म्युला वनच्या इंजिनाची, १.६ लिटर, एकूण २७५ गाड्या. त्या दिवशी सगळे आपोआप गॅरेजात जमले. मी मारुतीचा क्लच जड लागतोय म्हणून तीही घेऊन गेलो. पुढं ठरल्या वर्षात गाडी आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षातही नाही, आणि आमचे चेहरे उजळत गेले. अडचण सरांनी शोधून काढली. रेसचं इंजिन उभ्या गाडीत पाच हजारांच्या आसपास आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेत फिरतं, रस्त्यावर आणायचं तर ते हजार-बाराशेपर्यंत उतरवायला हवं, आणि तिथं धुराचे नियम पाळून ते नीट चालेना. जर्मनीतली मोठमोठी डोकी त्यावर वर्षानुवर्षं बसलेली. पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडायला २०२३ उजाडलं.

मिस्त्री तेव्हा माझ्या क्लचप्लेटा काढून बसला होता. मान वर न करता म्हणाला,

"स्लोवर धरत न्हाई व्हय? एवढंच ना? लावून द्या म्हणावं इकडं. फक्त गुरुवारी नगं, गुरुवारी आमच्याकडं लाईट नसती."