बिनपगारी, फुल अधिकारी, 35,000 फुटांवर

छंद कामाचा शीण घालवतात म्हणे. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा छंद मात्र मुळात नोकरीच आहे. पगार नाही, रजा नाही, आणि गणवेश हवा असेल तर तो पदरमोड करून. (तसे शिवून घेणारे आहेत. मी टोपीवर थांबलो आहे.) खऱ्या वैमानिकाच्या शेजारी निदान दुसरा वैमानिक तरी असतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात.

लोकांना वाटतं, बसायचं, जॉयस्टिक ओढायची, की विमान वर. प्रत्यक्षात विमान वर जायच्या आधी अपडेट खाली उतरतं. ते आपण बसल्यावरच उतरायला लागतं आणि आपला उत्साह संपेपर्यंत उतरत राहतं. ते झालं की कालपर्यंत नीट चालणारी जॉयस्टिक आज डावीकडे ओढली तर उजवीकडे वळते. तिची समजूत काढली की पडद्यावरचं चित्र अडखळतं. मग झाडं थोडी कमी करा, ढग जरा पातळ करा, पाण्यातली सावली काढून टाका. सगळं गुळगुळीत चालायला लागलं की मोह होतो, आता झाडं थोडी वाढवून बघू. या छंदाचा निम्मा वेळ जमिनीवर सेटिंगमध्येच जातो, ही माहिती घरात कुणाला देऊ नये.

मी बोइंग 737 चालवतो. प्रोग्राममध्ये दोन कळा दाबल्या की इंजिनं आपोआप सुरू होतात, पण स्वाभिमानी माणूस त्यांना हात लावत नाही. त्याला विमान काळोखात, थंडगार, बॅटरीसुद्धा बंद असलेलं लागतं. मग बॅटरी, मग शेपटीतलं छोटं इंजिन, मग इंधनाचे पंप. मोठ्या इंजिनाला पहिला फेरा द्यायला दाबाची हवा लागते आणि तीच हवा एसीही खात असतो, म्हणून आधी एसी बंद. स्टार्टर फिरवायचा, आतला फिरणारा भाग, म्हणजे रोटर, पूर्ण वेगाच्या 25 टक्क्यांवर आला की इंधनाचा खटका वर. आधी नाही. हे सगळं चाललेलं असताना घरातलं कुणी खोलीत डोकावलं, तर त्याला दिसतं जागच्या जागी उभं असलेलं विमान आणि त्याच्याकडे भक्तिभावाने बघणारा मी.

त्यात मी डोक्याची हालचाल टिपणारं यंत्र घेतलं. खरी मान थोडी वळवली की कॉकपिटमधली नजर पार खिडकीपर्यंत वळते. मोठी सोय आहे, फक्त पडदा मात्र समोरच राहतो. म्हणजे डावीकडची धावपट्टी बघायची तर मान डावीकडे आणि डोळे उजवीकडे. डोक्यावरची बटणं बघायची तर हनुवटी वर आणि बुबुळं खाली. आई दारात उभी राहून बराच वेळ हे बघत होती. शेवटी म्हणाली, “मान अवघडलीय का रे? शेकून देऊ?”

एकदाचं उड्डाण होतं. 35,000 फूट. इथून पुढे विमान ऑटोपायलट चालवतो आणि मी त्याच्याकडे बघतो. नेमक्या याच वेळी बायको येते.

“काय करतोयस?”

“विमान चालवतोय.”

“हात तर मांडीवर आहेत.”

“ऑटोपायलट आहे. मी लक्ष ठेवतोय.”

“तो काही वेडंवाकडं करतोय का?”

“नाही.”

“मग उठ आणि तो माळ्यावरचा डबा काढून दे.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी उत्तर म्हणून तिला इतिहास सांगतो. ब्रूस आर्टविक नावाच्या माणसाने 1979 मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी फ्लाइट सिम्युलेटर काढला. त्यात जमीन म्हणजे काही रेघा आणि डोंगर म्हणजे आणखी काही रेघा. 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचाच सिम्युलेटर आयबीएम पीसीवर आणला. पुढे वर्षानुवर्षं त्यातलं विमान सुरुवातीला उभं असायचं ते शिकागोच्या मेग्ज फील्डवर, सरोवराकाठच्या एका चिमुकल्या धावपट्टीवर. शिकागो जन्मात न पाहिलेली माणसं तिथून उडायला शिकली. आणि 30 मार्च 2003 च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खणून काढल्या. विमानतळ बंद! तिथे उभ्या असलेल्या विमानांना नंतर टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरून, उडून जावं लागलं. जुना सिम्युलेटर जपून ठेवलेल्यांच्या घरी मात्र ती धावपट्टी अजून शाबूत आहे. तिथवर बुलडोझर पोचला नाही.

हे मी गहिवरून सांगितलं. ती विचारात पडली.

“भाड्याने मिळतो का रे?”

“काय, सिम्युलेटर?”

“बुलडोझर.”

डबा मी काढून दिला. ऑटोपायलटने तेवढ्यात काही वेडंवाकडं केलं नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

खरा पेच उतरताना येतो. उतरायला कुठे लागायचं याचा एक ठोकताळा आहे: जितके हजार फूट खाली यायचं, त्याला तिनाने गुणायचं, तितके सागरी मैल आधी सुरुवात करायची. 35,000 फुटांवरून समुद्रकाठच्या विमानतळावर उतरायचं तर साधारण 105 मैल. दुसऱ्या शब्दांत, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मान वर करायची सोय नाही. आणि आमच्या घरात जेवायला हाक येते ती नेमकी 105 मैलांवर. मी वेळा बदलून पाहिल्या. सकाळी उडालो तर जेवण लवकर होतं, दुपारी उडालो तर पाहुणे येतात.

“पॉज कर की,” सगळे म्हणतात. पॉज! हवेत थांबलेलं विमान कुणी पाहिलंय? शिवाय मी व्हॅटसिमवर असतो. हे 2001 पासून चाललेलं इंटरनेटवरचं जाळं आहे. तिथे माझ्यासारखीच बिनपगारी माणसं आपापल्या घरी बसून कंट्रोलर होतात आणि आम्हाला आकाशात शिस्तीत ठेवतात. ते सूचना देणार, मी ती शब्दशः परत म्हणून दाखवणार. मागे आठ विमानं रांगेत असताना त्या भल्या माणसाला “घरून जेवायला बोलावलंय” कसं सांगणार? तिथे विमान वाऱ्यावर सोडून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उठून जायला मनाई आहे. मला सगळ्यात आवडतो तो आणीबाणीचा नियम. इंजिनाला आग लागली असं तुम्ही जाहीर करू शकता, पण कंट्रोलरने बंद करा म्हटलं तर आणीबाणी तिथल्या तिथे संपवावी लागते. ते जमत नसेल तर जाळ्यातून बाहेर. म्हणजे आग लागलेली असते, पण साहेबांना आज वेळ नसतो. इतकं हुबेहूब ऑफिस खऱ्या ऑफिसातही मिळत नाही.

मुलाला यातलं काही कळत नाही. तो अकरा वर्षांचा आहे आणि मजेसाठी विमान उडवतो. मी खुर्चीवरून उठलो की तो 737 घेऊन थेट सॅन फ्रान्सिस्कोला जातो आणि गोल्डन गेट पुलाखालून उलटं काढतो. पुलाखाली 67 मीटर मोकळी जागा आहे आणि विमानाची उंची साडेबारा मीटर, तेव्हा मावतं, हा त्याचा मुद्दा गणिताने बिनतोड आहे. मी एवढंच विचारलं, “परवानगी कुणाची घेतलीस?” त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

आईचं वेगळं. घरात मला कॅप्टन मानणारी तीच एक. निघताना विचारते, “आज कुठे?” मी म्हटलं, केफ्लाविक, आइसलँड. “थंडी असेल तिकडे.” होतीच. सिम्युलेटर तिथलं त्या क्षणाचं खरं हवामान आणतो. आडवा वारा, हिमवर्षाव, दिसायला अंधुक. लंडनहून तीन तास बसून मी तिथे पोचलो, तेव्हा ती जपमाळ घेऊन मागे येऊन उभी राहिली. विमान उंची मोजायला लागलं: फिफ्टी, फोर्टी, थर्टी. मुलगाही बाहेरून त्याच्या सुरात ओरडायला लागला. ट्वेंटी, टेन, आणि मग एक दणका. विमान टेकताना खाली येण्याचा वेग किती होता, हे सांगणारा एक प्रोग्राम मी बसवला आहे. प्रवासी विमानाचे पाय कमाल उतरण्याच्या वजनाला सेकंदाला 10 फुटांचा, म्हणजे मिनिटाला 600 फुटांचा दणका सोसतील असे बांधलेले असतात. माझा आकडा त्याच्या आतला होता. मी तो सगळ्यांना दाखवला. बायको म्हणाली, “छान,” आणि ज्या आवाजात म्हणाली त्यात कपडे, डबा, पाहुणे सगळं आलं.

धावपट्टीवरून गेटपर्यंत जायचं, इंजिनं बंद, दिवे बंद, यादी वाचून एकेक खटका खाली. उठलो, तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती.

“परत कधी यायचंय?” आईने विचारलं.

“पुढच्या रविवारी.”

“म्हणजे आठवडाभर विमान तिकडेच? बर्फात?”

बाकीचे हसले. मी हसलो नाही, कारण मुद्दा बरोबर होता. नवं विमान लंडनला मांडून पुन्हा सुरुवात करता येते, पण माझी लॉगबुक आहे. जिथे विमान सोडलं तिथूनच मी निघतो. सोमवारी कामावर मीटिंग चालू असताना मी मोबाइलवर केफ्लाविकचं हवामान बघितलं. बर्फ वाढला होता. पंख साफ करायला गाडी मागवावी लागणार, म्हणजे रविवारी निघायला उशीर, म्हणजे 105 मैलांवर पुन्हा जेवणाचीच वेळ. मी हात वर करून साहेबांकडे बुधवारी अर्धा दिवस रजा मागितली. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, गाडी बर्फात अडकलीय.