चुन्याचं कुणीच कसं लिहिलं नाही?

उन्हाळ्यात घर गार ठेवायच्या या लेखात गच्चीला रिफ्लेक्टिव्ह पेंट, म्हणजे ऊन परतवणारा रंग, मारा म्हणून सांगितलंय, बरोबरच आहे, पण त्या डब्याचा भाव बघितलाय का? आमच्या सांगलीत बरेचजण मार्च लागला की सरळ चुना मारतात. कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी पिंपात भिजवायचा, प्लॅस्टिकच्या बादलीत अजिबात नको कारण पाणी ओतलं की रटरटा उकळतो, पोरंबाळं लांब ठेवायची, मग दुसऱ्या दिवशी फडक्यानं गाळून थोडा फेविकॉल ढवळायचा आणि उन्हं चढायच्या आत दोन हात मारून मोकळं. पावसात धुऊन जातो हे खरं, पण पावसाळ्यात गारवा हवाय कुणाला! गच्ची मात्र झाडत जा, धूळ बसली की पांढऱ्याचा उपयोग कमी होतो.

खरा ताप रात्रीचा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दहा वाजता पंखा लावला तरी वरनं गरम वाराच येतो. जत-आटपाडीकडची जुनी माळवदाची घरं बघा, वर मातीचा जाड थर, ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेलंगणानं २०२३ साली कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या गार छतांचं, धोरणच काढलंय, आपल्याकडं निदान घरकुलांच्या छताला तरी चुना द्या की राव.

पत्र्याच्या शेडवाल्यांनी उसाचं पाचट अंथरावं, गोठ्यावर टाकतात तसं, फक्त विडीवाल्याला जवळ फिरकू देऊ नका. आणि छतावर ओली पोती टाकायची जी आयडिया सांगतात ती कृष्णाकाठाला ठीक आहे, जतला उन्हाळ्यात प्यायलाच टँकर लागतो तिथं छतावर कोण ओतणार?