व्हेल ऑफ लीव्हनला एवढ्यात आटपू नका

स्कॉटलंडच्या जुन्या फुटबॉल क्लबांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात रेंटन या क्लबने १८८८ साली इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविचला ४-१ हरवून 'जगज्जेते' म्हणवून घेतलं त्यावर इतकं भरभरून लिहिलंत आणि शेजारच्याच अलेक्झांड्रिया (स्कॉटलंडमधलं, इजिप्तचं नव्हे) गावच्या व्हेल ऑफ लीव्हन क्लबला एकाच ओळीत आटपलंत, याचं वाईट वाटलं. १८७२ मधला हा क्लब. पोरं मूळची शिंटी खेळणारी, म्हणजे हातात काठी घेऊन. फुटबॉल त्यांना ग्लासगोच्या क्वीन्स पार्कने शिकवला. आणि त्याच क्वीन्स पार्कला स्कॉटिश संघाकडून पहिला पराभव चाखवला तो यांनीच, डिसेंबर १८७६ मध्ये, २-१! पुढे १८७७, ७८, ७९ असा सलग तीनदा स्कॉटिश कप. (तिसऱ्या वेळी बरोबरीनंतरच्या फेरसामन्याला प्रतिस्पर्धी रेंजर्स आलेच नाहीत, हेही सांगायला हवं.)

या क्लबच्या लीव्हन नदीच्या खोऱ्यात कापड रंगवण्याचे मोठे कारखाने होते. तिथलं 'टर्की रेड' लाल कापड आपल्या मुंबईच्या बाजारातही यायचं. हे वाचल्यापासून तो क्लब मला परका वाटत नाही.

इंग्लंडने १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळायला मान्यता दिली, स्कॉटलंडने १८९३ पर्यंत नाही. तोवर चांगले खेळाडू दक्षिणेकडे निघून जात राहिले. छोट्या गावाने काय करायचं? १८९१-९२ च्या लीगमध्ये व्हेलला २२ पैकी एकही सामना जिंकता आला नाही. या पडझडीवर तुम्ही स्वतंत्र लेख लिहाच.